व्हय कोणी म्हटलं?

आमच्या भाईंचा आवाज देवाने दिलेला आहे असं गाव म्हणतो. मी चाळीस वर्षं त्या आवाजाबरोबर संसार केला आहे, तेव्हा माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. देवाने देताना तो कमी-जास्त करायची सोयही द्यायला हवी होती. मागच्या परसात माडांना पाणी सोडता सोडता भाई फोनवर मुंबईच्या चुलत भावाशी 'हळू' बोलत असतात, तेव्हा पुढच्या रस्त्याने समुद्राकडे निघालेले पर्यटक दचकून थांबतात. एकदा एका बाईने मला येऊन विचारलं होतं, आत काही भांडण चाललंय का, पोलिसांना बोलवू का.

मी सुशीला. माहेर जामसंडे, सासर तारकर्ली. प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. नोकरीतून निवृत्त झाले, पण समोरच्याचं वाक्य दुरुस्त करायची खोड काही निवृत्त झाली नाही. भाई माझे यजमान. गाव त्यांना भाई म्हणतो, म्हणून लिहिताना मीही भाईच म्हणते.

गावात भाईंचा मान गाऱ्हाणं घालण्याचा. घाटावरच्या माणसाला गाऱ्हाणं म्हणजे तक्रार वाटते. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे नारळ ठेवून, त्याला हाक मारून, सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं. लग्न असो, नवी होडी असो, कोणाचं दुकान उघडायचं असो, भाई उभे राहतात, डोळे मिटतात आणि सुरू करतात, 'बा देवा महाराजा...' प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते थांबतात आणि जमलेली मंडळी एका दमात म्हणतात, 'व्हय महाराजा.' हे 'व्हय' इथल्या माणसाच्या अंगात इतकं मुरलेलं आहे की ग्रामसभेत कोणी लांबलचक वाक्य बोलून श्वास घ्यायला थांबलं, तरी मागून 'व्हय महाराजा' येतं आणि ठराव मंजूर होतो.

आमच्या घरावर जे संकट आलं ते ह्या सवयीमुळेच आलं. निमित्त सर्वेश.

सर्वेश माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा, पुण्यात एका कंपनीत कामाला. कंपनी काय करते हे त्याने मला तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा मला वेगळं समजलं. शेवटी एवढं डोक्यात शिरलं, की माणसाचा आवाज यंत्राला ऐकवायचा, यंत्र तो शिकतं, आणि मग त्या माणसाने जन्मात कधी न उच्चारलेली वाक्यंसुद्धा त्याच्याच आवाजात बोलून दाखवतं. मे महिन्यात सर्वेश आला तो माईक आणि लॅपटॉप घेऊनच. त्याचं म्हणणं असं, की मुंबईला नाहीतर दुबईला आपली माणसं घर घेतात, गाडी घेतात, पण गाऱ्हाणं घालायला तिथे कोणी मिळत नाही. त्यांनी मोबाईलवर कारण लिहायचं, की यंत्र गाऱ्हाणं रचणार आणि भाईंच्या आवाजात घालणार. ॲपचं नावसुद्धा ठरलं होतं, 'महाराजा'.

मी विचारलं, देवाला हे कळणार नाही का? तो म्हणाला, काकी, आपलं गिऱ्हाईक देव नाही.

भाईंना विचारायची गरजच पडली नाही. दुबईत आपला आवाज घुमणार म्हटल्यावर त्यांची छाती अशी फुगली की सदऱ्याच्या बटणांना मला धीर द्यावा लागला. आतल्या खोलीला गोधड्या लावल्या, बाहेरचा आवाज नको म्हणून पंखा बंद केला. मे महिन्यातली तारकर्ली, आणि भाई घामाने निथळत यंत्राला वाक्यं ऐकवत होते. बांगड्याने घसा जड होतो असं कोणीतरी सांगितलं म्हणून रेकॉर्डिंग संपेपर्यंत त्यांनी मासे सोडले. माझ्यासाठी त्यांनी एवढा मोठा त्याग कधी केल्याचं मला आठवत नाही.

काम संपल्यावर एका संध्याकाळी अंगणात चहा झाला. शेजारचा मंगेश होता, त्याच्या मागच्या घरातला देवेश होता, आणखी दोघे-तिघे होते. सर्वेश म्हणाला, एक कायदेशीर सोपस्कार राहिलाय. कंपनीच्या अटी वाचून दाखवायच्या आणि काकांची संमती रेकॉर्ड करायची. त्याने मोबाईल पुढे ठेवला आणि वाचायला घेतलं. अटी कोणा वकिलाने लिहिलेल्या, त्यामुळे एकेक वाक्य वावभर लांब. सर्वेश वाक्य संपवून दम घ्यायला थांबला आणि सवयीने सगळे म्हणाले, 'व्हय महाराजा.'

एवढं हसू झालं की मंगेशच्या हातातला चहा सांडला. मग काय, सगळ्यांना चेवच आला. पुढच्या प्रत्येक अटीला आधीपेक्षा जोरात 'व्हय महाराजा'. सर्वेशसुद्धा गाऱ्हाण्याच्या चालीवर वाचायला लागला. मी दारात उभी राहून हसत होते. अटी काय होत्या ते कोणी ऐकलंच नाही, मीसुद्धा नाही.

पावसाळा लागला आणि ॲप सुरू झालं. मुंबईहून फोन, दोह्याहून फोन. कोणाच्या मुलाच्या बारावीला, कोणाच्या व्हिसाला, कोणाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला भाईंचं गाऱ्हाणं. भाई संध्याकाळी पडवीत बसून स्वतःचीच गाऱ्हाणी ऐकायचे आणि म्हणायचे, हे चांगलं जमलंय. मी म्हणायचे, तुम्ही बोललेलाच नाहीत, तर जमणार कसं? ते म्हणायचे, आवाज तर माझाच ना. हे वाक्य पुढे त्यांच्याच गळ्यात आलं.

मंगेशचा माडांचा भाग समुद्राला लागून. त्याच्या मागे देवेशने पर्यटकांसाठी खोल्या बांधलेल्या. देवेशचे पाहुणे समुद्रावर जायचे ते मंगेशच्या माडांमधून. मंगेश मासेमारी करणारा, त्याची जाळी तिथे वाळत घातलेली असतात, पाहुणे ती तुडवतात, त्यात उभं राहून फोटो काढतात. शेवटी वैतागून त्याने वाटेवर बांबूचं फाटक घातलं. दोघेही भाईंकडे आले. भाईंनी सांगितलं, पाऊस सरू दे, मग बसून बोलू. दोघांनीही मान हलवली आणि घरी गेले.

देवेशने मात्र घरी जाऊन ॲप उघडलं. त्याने लिहिलं एवढंच, की वाट मोकळी व्हावी. यंत्राने त्यावर आपली अक्कल चालवली आणि भाईंच्या आवाजात खणखणीत गाऱ्हाणं घातलं, 'बा देवा महाराजा, तुझ्या लेकराची दर्याकडे जावची वाट जो कोण अडवता, तेच्या जाळ्यात म्हावरा गावचा नाय असा कर रे महाराजा.' ते देवेशने गावाच्या ग्रुपवर टाकलं.

मंगेशने ते सकाळी दात घासताना ऐकलं. भाईंचा आवाज, ओळखीची चाल, वाक्याच्या शेवटी थांबणं. त्याने तोंडात फेस असतानाच 'व्हय महाराजा' म्हटलं. मग चूळ भरली, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आपण कशाला हो म्हणालो ते. त्याच्या बायकोनेच, किशोरीने, मला हे सांगितलं. सांगताना तिला हसू आवरत नव्हतं, पण मंगेश हसला नाही. त्या महिन्यात त्याच्या जाळ्यात खरंच एक मासा आला नाही. जुलै होता, होड्या किनाऱ्यावर उपड्या घातलेल्या, मासा येणार कुठून? पण हे त्याला सांगायची सोय नव्हती.

त्याने सूड म्हणून तेच ॲप घेतलं. यंत्राला काय, ते सगळ्यांचं. त्याने भाईंच्याच आवाजात देवाला सांगितलं, 'जो कोण परक्याच्या माडांतसून आपले पावणे हाडता, तेच्या खोल्यो रिकाम्यो ऱ्हवांदेत रे महाराजा.' आणि देवेशच्या खोल्या रिकाम्या राहिल्या. जुलैतल्या धुवाधार पावसात तारकर्लीला कोण येतो? पण आता देवेशही घुश्श्यात.

भाई आधी मंगेशकडे गेले, मग देवेशकडे. दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं, की भाई, आवाज तुमचोच.

"आवाज माझो, पण मी बोलूक नाय," भाई म्हणाले.

"मगे कोण बोललो?" देवेशने विचारलं. वर म्हणाला, मी तर नुसतं लिहिलं. ॲप म्हणतं, मी नुसतं सांगितलेलं केलं. म्हणजे दोन माणसांना शाप दिले गेले, गावभर ऐकले गेले, आणि ते देणारं कोणीच नाही. इतकी वर्षं मी मुलांना शिकवलं की कर्त्याशिवाय वाक्य होत नाही. आता होऊ लागलं म्हणायचं.

लोकांना यंत्र समजत नव्हतं असं नाही. सगळ्यांच्या हातात मोबाईल आहे, सगळ्यांची मुलं पुण्या-मुंबईला. पण कान त्यांचे जुनेच. गावात हळूहळू बोललं जाऊ लागलं, की भाई आता मागेल त्याच्यासाठी मागतात. आणि ज्याचं गाऱ्हाणं कोणीही विकत घ्यावं, त्याच्या गाऱ्हाण्याला 'व्हय' कशाला म्हणायचं?

नारळी पौर्णिमेला सगळा गाव किनाऱ्यावर जमला. आम्ही बायका मागे उभ्या होतो. भाईंनी नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि दर्याला हाक मारली. पहिलं वाक्य झालं, ते थांबले. समोर लाटांचा आवाज आणि मागे माणसं गप्प. मंगेशने देवेशकडे पाहिलं, देवेशने वाळूकडे. मग कोणीतरी हळूच विचारलं, 'ह्या खरा मा?' म्हणजे हे तरी खरं ना, आणि दोन-चार जण हसले. वाईट मनाने हसले असं नाही म्हणणार मी, पण हसले. भाईंनी डोळे उघडले. गाऱ्हाणं तिथेच अर्धं सोडलं, नारळ पाण्यात सोडला आणि ओल्या पायांनी घरी आले.

त्या दिवसापासून ते बोलायचे थांबले. कोणावर राग धरून नव्हे. विचारलं तर 'हां', 'नको', एवढंच, तेही इतकं हळू की मला दोनदा विचारावं लागे. ते परसात असताना पागोळ्यांचा आवाज ऐकू यायला लागला. फोन वाजला की मोबाईल माझ्या हातात द्यायचे. मी इतकी वर्षं हळू बोला, हळू बोला म्हणून कानी-कपाळी ओरडले आणि देवाने माझं ऐकलं ते असं. मला भीती वाटत होती. हा माणूस असाच आत आत जात राहिला तर एक दिवस मला सापडणार नाही, अशी भीती.

मी सर्वेशला फोन लावला आणि शाळेत कधी कोणाला बोलले नसेन तेवढं बोलले. तो ओशाळला. म्हणाला, काकी, मी वर सांगून पाहिलं, पण कंपनी म्हणते की संमती रेकॉर्डवर आहे, अट अन् अट मान्य केलेली आहे. तुम्ही सरळ ओरोसला जाऊन तक्रार करा. फक्त मी सांगितलं असं सांगू नका.

म्हणून आम्ही एसटीने ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गनगरीला गेलो. तिथल्या पोलिसांच्या सायबर ऑफिसात समीक्षा नावाच्या एक मॅडम होत्या, वयाने आमच्या सर्वेशएवढ्या. त्यांनी दोन्ही गाऱ्हाणी कान देऊन ऐकली आणि भाईंना विचारलं, "हा आवाज तुमचा आहे?"

ऑफिसात गेलं की भाईंची जीभ इस्त्री केल्यासारखी कडक होते. "आवाज आमचाच आहे. परंतु सदर उद्गार आमचे नव्हेत," ते म्हणाले. कित्येक दिवसांत त्यांच्या तोंडून निघालेलं ते सगळ्यात लांब वाक्य. मला एवढा आनंद झाला की मी ते दुरुस्तसुद्धा केलं नाही.

मॅडमनी शांतपणे समजावलं. असा आवाज वापरायचा तर माणसाने सगळं समजून, स्वतः, स्पष्ट हो म्हटलेलं पाहिजे. आणि हो म्हटल्यावरसुद्धा नवीन कायद्याप्रमाणे ते परत घेता येतं. मग त्यांनी कंपनीकडून संमतीचं रेकॉर्डिंग मागवून घेतलं. ते यायला काही दिवस गेले. आल्यावर त्यांनी आम्हाला परत बोलावलं आणि आमच्यासमोर लावलं.

सर्वेशचा आवाज वाचत होता, की सदर व्यक्ती आपला आवाज कोणत्याही माध्यमात, कोणत्याही मजकुरासाठी वापरण्यास कंपनीला परवानगी देत आहे. 'व्हय महाराजा.' ही परवानगी कायमस्वरूपी राहील. 'व्हय महाराजा.' सदर व्यक्तीच्या पश्चातही आवाज वापरण्यास वारसांची हरकत राहणार नाही. 'व्हय महाराजा', आणि मागे माझं खदखदून हसणं. पश्चात म्हणजे काय हे मला चांगलं कळतं, मी ते मुलांना शिकवलेलं आहे. मला माझंच हसणं ऐकवेना.

तिथला शिपाई चहा ठेवायला आला होता. चौथ्या अटीला तोही नकळत 'व्हय महाराजा' म्हणाला आणि जीभ चावून बाहेर गेला.

मॅडमनी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा लावलं. त्यांच्या कपाळावर आठी होती, पण ओठ दाबून धरलेले दिसत होते.

"काका," त्या म्हणाल्या, "ह्यात व्हय कोणी म्हटलं?"

भाईंनी मान पुढे करून ऐकलं. सगळ्यात मोठा आवाज मंगेशचा. त्याच्या खालोखाल देवेशचा. मग त्या दोघा-तिघांचा. भाईंचा आवाज, जो कुठेही लपत नाही, तो त्यात कुठेच नव्हता. असणार कसा? गाऱ्हाणं घालणारा स्वतः कधी 'व्हय' म्हणत नाही. त्याने मागायचं आणि हो म्हणायचं ते बाकीच्यांनी. जन्मभर पुढे उभा राहिलेला माणूस, त्या संध्याकाळी अंगणात नुसता हसत बसला होता, कारण 'व्हय' म्हणायची त्याच्या जिभेला सवयच नव्हती.

म्हणजे माझ्या नवऱ्याचा आवाज वापरायची कायमस्वरूपी परवानगी कंपनीला दिली होती ती मंगेशने आणि देवेशने. ज्या यंत्राने त्यांना शाप दिले, त्याला हो त्यांनीच म्हटलं होतं, तेही चढाओढीने ओरडून. मॅडम आता उघड हसल्या. मीही हसले. भाईंना हसू आलं नाही. ते म्हणाले, "म्हणजे आमका कोणी विचारूकच नाय." प्रमाण मराठी गळून पडली होती.

कंपनीने फार ताणलं नाही. मॅडमच्या पत्रानंतर त्यांच्या वकिलांनी कळवलं, की आवाज काढून टाकतो. मंगेश आणि देवेशला मी ही गोष्ट किशोरीकडून पोचवली. फाटक अजून आहे. पण पाहुणे आता जाळ्यांना वळसा घालून जातात, कारण देवेशने तशी पाटी लावली आहे.

आवाज पुसायला सर्वेश स्वतः आला. मला वाटतं तेवढ्यासाठी यायची गरज नव्हती, पण आला, ते बरं केलं. त्याने पडवीत टेबलावर लॅपटॉप मांडला. भाई अंघोळीला गेले होते. सर्वेश माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आला आणि त्याने माझ्या हातात एक पेनड्राइव्ह ठेवला.

तो हळू आवाजात म्हणाला, "काकी, कंपनीकडचं सगळं जाईल. ही एक कॉपी मी तुमच्यासाठी काढली आहे. काकांना सांगू नका. पुढे कधी... ते नसताना... ऐकावंसं वाटलं तर."

मी काही बोलायच्या आत त्याने मोबाईल माझ्या कानाशी धरला. त्यात भाईंचा आवाज होता. हुबेहूब, श्वासासकट. तो म्हणाला, 'सुशीला, जेवलस काय गो?'

मी ओट्याला धरून उभी राहिले. लग्न झाल्यापासून ह्या माणसाने मला कधी नावाने हाक मारलेली नाही, आणि मी जेवले का हे तर त्यांच्या डोक्यातही येत नाही. ते स्वतः जेवले की त्यांना जग जेवलेलं वाटतं. तो आवाज त्यांचा होता आणि ती माया सर्वेशची. हे मला पुरतं कळत होतं. तरीसुद्धा मला तो पुन्हा ऐकावासा वाटला. खोटं कशाला लिहू, मी तो पुन्हा ऐकला. मग पेनड्राइव्ह मुठीत घट्ट धरला.

भाई अंघोळ करून, धोतर नेसून पडवीत आले. सर्वेशने दाखवलं, काका, हे बटण दाबलं की झालं. भाईंनी मान हलवली. बटणाने नाही होणार, म्हणाले. घरातून नारळ आणला, टेबलावर लॅपटॉपच्या बाजूला ठेवला आणि हात जोडले. मी दारात येऊन उभी राहिले.

"बा देवा महाराजा, ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाकडे उभा आसा. तेचो आवाज तेच्या तोंडातसून भायर पडलो आणि यंत्रात जावन बसलो. ज्यांनी तो घेतल्यानी तेंची चूक पोटात घाल, आणि ज्यान हौसेन दिल्यान तेचीय चूक पोटात घाल रे महाराजा."

आवाज पहिल्यांदा बसका होता, पण शेवटाला येईपर्यंत मोकळा झाला. सर्वेश बारीक आवाजात म्हणाला, 'व्हय महाराजा.'

"आता तो आवाज जयसर जयसर आसात, लहान आसात मोठो आसात, उघडो आसात झाकलेलो आसात, तो सगळो पुसान जावंदे. आणि जो ऱ्हवतलो, तो ह्या एकाच तोंडात ऱ्हवांदे रे महाराजा."

भाई थांबले. 'व्हय' म्हणायच्या ऐवजी सर्वेशने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि परत खाली घातली. पडवीत तिसरं कोणी नव्हतं. भाई डोळे मिटून उभे होते, आणि मला किनाऱ्यावरची ती शांतता आठवली. ह्या माणसाला पुन्हा एकदा तसं उभं ठेवायचं नव्हतं मला. पण आवाज जिथे जिथे असेल तिथून पुसला जाऊ दे, ह्या मागण्याला हातात पेनड्राइव्ह धरून मी हो कसं म्हणणार?

गाऱ्हाण्याला आम्ही बायका मागून 'व्हय' म्हणतो, ते पुरुषांच्या आवाजात बुडून जातं. तोंड हलवलं तरी चालतं. आज बुडवायला कोणी नव्हतं. मी पुढे गेले, मूठ उघडली आणि ती एवढीशी वस्तू लॅपटॉपच्या शेजारी ठेवली. ठेवताना जिवावर आलं. मग मोठ्याने म्हटलं, "व्हय महाराजा."

भाईंनी डोळे उघडले. पेनड्राइव्हकडे पाहिलं, सर्वेशकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय कळलं आणि काय नाही, मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी परत डोळे मिटले आणि आता मूळच्या, रस्त्यापर्यंत पोचणाऱ्या आवाजात पुढचं वाक्य घेतलं.

"आणि हिका ह्या आवाजाचो कंटाळो येयपर्यंत माका हिच्याबरोबर ठेव रे महाराजा."

सर्वेश 'व्हय' म्हणायला तोंड उघडतो तोच मी त्याला हाताने थांबवलं.

"वाक्य बदला," मी म्हटलं. "कंटाळो केव्हाच इलो हा. देव आजच न्हेयत तुमका."

भाई डोळे मिटूनच हसले. मग त्यांनी वाक्य बदललं. त्या वाक्याला 'व्हय महाराजा' मी म्हटलं, एकटीने. वाक्य काय होतं ते इथे लिहीत नाही, कारण त्यांना विचारायचं राहिलं आहे.